स्मृतीची साक्ष

आमच्या वावरातील विहिरीच्या थारोळ्याच्या काठावर पाय सोडून मी बसलो आहे, बैलांची जोडी धावेवरून उतरते आहे, भरलेल्या मोटेचे पाणी थारोळ्यात कोसळून त्याचे तुषार माझ्या गुडघ्यांवर उडत आहेत, आणि पलीकडे कडूलिंबाच्या सावलीत उभे असलेले आजोबा आपल्या सालदाराला सांगत आहेत, "दर चौथ्या दिवशी पानी तुह्या वावरात जाईन. म्या हाये तोवर जाईन, माह्या मांगंही जाईन." वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षीचा हा प्रसंग माझ्या मनात इतका ताजा आहे की, अजूनही डोळे मिटले असता पाण्याचा तो आवाज आणि आजोबांचा तो किंचित घोगरा स्वर एकाच वेळी कानांवर येतो. माझ्या आयुष्यातील अत्यंत निश्चित अशा गोष्टींत मी त्याची गणना करीत आलो होतो. परंतु तो मला जसा आठवतो तसा कधी घडलेलाच नव्हता, ही गोष्ट गेल्या हिवाळ्यात मला कळली, आणि ज्या दिवशी कळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या प्रसंगाची साक्ष देण्याची पाळी माझ्यावर यायची होती.

आमचे गाव कारंजा तालुक्यात, अडाण नदीच्या खोऱ्यात आहे. मी वाशीमला राहून बी. ए.च्या शेवटच्या वर्षात शिकतो आणि तत्त्वज्ञान हा माझा विषय आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आयुष्यातील अविस्मरणीय अनुभव लिहून द्यावेत, अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा कोणी अजिंठ्याच्या सहलीविषयी लिहिले, कोणी सेवा योजनेच्या शिबिराविषयी, तर एका मैत्रिणीने वसतिगृहातील पहिल्या रात्रीविषयी फार सुंदर लिहिले. मीही लिहावयास बसलो, आणि 'अविस्मरणीय' या शब्दापाशीच माझी लेखणी अडली. कारण जे आपण विसरू शकत नाही ते खरेच असते काय, आणि ते खरे नसेल तर त्याने आपल्यावर घातलेले बंधनही खोटे ठरते काय, हा प्रश्न त्याच सुमारास माझ्या घराच्या ओसरीवर येऊन बसला होता. हा लेख त्या अंकात मावण्याजोगा राहिला नाही. परंतु विषय तोच आहे.

वस्तुस्थिती अशी की, आजोबांच्या पदरी एक सालदार वीस-बावीस वर्षे होता. दर वर्षी अक्षय तृतीयेस त्याचे साल ठरे, आणि दर वर्षी तोच पुन्हा राही. आमच्या धुऱ्याला लागून त्याचा स्वतःचा दीड एकराचा तुकडा होता, त्यात विहीर नव्हती. म्हणून आमच्या विहिरीचे पाणी दर चौथ्या दिवशी त्या तुकड्यात सोडण्याची वहिवाट आजोबांनी पाडली. आजोबा पाच वर्षांपूर्वी वारले. त्यानंतरही वडिलांनी ती पाळी चालू ठेवली. पुढे तो सालदारही गेला. गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त होऊन काका गावी आले, सामाईक विहिरीचा कारभार दोघा भावांच्या विचाराने चालू लागला, आणि पावसाने लवकर पाठ फिरवल्यामुळे विहिरीची पातळी उतरताच ती पाळी बंद झाली. काकांचे म्हणणे गैरवाजवी नव्हते, हे मला येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. त्यांनी सातबाऱ्याचा उतारा काढून आणला होता. त्यातील 'इतर अधिकार' या रकान्यात त्या पाण्याविषयी एक अक्षरही नव्हते. आजोबांच्या दप्तरात कबुलायत नव्हती, करारनामा नव्हता, साधी चिठ्ठीही नव्हती. आबांनी, म्हणजे आजोबांनी, पाणी दिले ती त्यांची मेहेरबानी होती, आणि विहिरीत पाणी असेल तर आपणही ती करू. परंतु मेहेरबानीचा हक्क होत नसतो, असे ते म्हणत.

मग एके दिवशी सकाळी सालदाराची विधवा आमच्या ओसरीवर आली. तिला मी लहानपणापासून मावशी म्हणतो. ती जोत्यावर टेकली, पदराची गाठ सोडली, आणि गाठीतून हरभऱ्याची तीन रोपटी काढून तिने वडिलांच्या समोर फरशीवर ठेवली. रोपटी मुळासकट उपटलेली होती. मुळांना चिकटलेली काळी माती वाळून दगडासारखी झाली होती, आणि घाटे धरण्याच्या वेळी ज्या पानांवर आंबेची ओल असावयाची, ती पाने बोट लावताच चुरत होती. तिने रडगाणे गाइले नाही. "आबानं शब्द देल्ला होता, माह्या मांगंही म्हनलं होतं," एवढेच ती म्हणाली. काकांनी सौम्यपणे विचारले, "कोणासमोर?" तिने आत, माजघराच्या दाराशी बसलेल्या आजीकडे पाहिले, आणि मग क्षणभर माझ्याकडे पाहिले.

आजीला त्या सुमारास विसर पडू लागला होता. सकाळी घेतलेले औषध ती दुपारी घेतले नाही म्हणे. मला ती कधी माझ्या नावाने हाक मारी, तर कधी लहानपणीच वारलेल्या आपल्या भावाच्या नावाने. तिने दारातूनच ठामपणे सांगितले, "म्या माह्या कानानं आयकलं हाये." काका काही बोलले नाहीत, परंतु त्यांच्या न बोलण्याचा अर्थ घरातील प्रत्येकाला समजला. हक्क आणि मेहेरबानी यांच्यामध्ये 'माझ्या मागेही' हे दोनच शब्द उभे होते, आणि त्या शब्दांना साक्षीदार दोनच होते : जिची आठवण मावळत चालली होती अशी एक वृद्धा, आणि ज्याची आठवण त्या वेळी पुरती उगवलीही नव्हती असा मी. रविवारी बसून काय तो निर्णय करू, असे वडील म्हणाले.

त्या आठवड्यात मी परीक्षेसाठी अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' वाचीत होतो. बुद्धीचे म्हणजे ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग पाडून, जे ज्ञान केवळ संस्कारातून उत्पन्न होते ते स्मृती, अशी व्याख्या तो करतो, आणि प्रमेची म्हणजे यथार्थ ज्ञानाची सारी मिरास अनुभवाकडे सोपवून स्मृतीला दरवाजाबाहेर ठेवतो. पूर्वी ही व्याख्या मी केवळ पाठ केली होती. त्या आठवड्यात तिचा अर्थ मला बोचू लागला. नैयायिकांचा युक्तिवाद कठोर असला तरी त्यात लबाडी नाही. प्रत्यक्षाच्या वेळी वस्तू समोर असते. स्मरणाच्या वेळी ती नसते. आठवण खरी असली तरी तिचे खरेपण तिचे स्वतःचे नव्हे, ते मूळ अनुभवाकडून उसने आणलेले असते, जसे नकलेचे खरेपण अस्सल कागदावर अवलंबून असते. काश्मिरी नैयायिक जयंतभट्टाने तर नेमके हेच बोट ठेवले आहे की, स्मृती ही वस्तूपासून जन्मलेली नसल्यामुळे तिला प्रमाण म्हणता येत नाही. मीमांसकांची तक्रार वेगळी, परंतु निकाल तोच : जे पूर्वी जाणले तेच पुन्हा जाणणे, त्यात नवे ते काय? म्हणजे माझ्याजवळ अस्सल नव्हते, नक्कल होती. आणि अस्सल ज्यांच्याजवळ होते ते आजोबा आणि सालदार दोघेही स्मशानात पोहोचले होते.

शनिवारी संध्याकाळी मी वडिलांना एकांतात गाठून सांगितले की, मला तो दिवस आठवतो, आणि थारोळे, बैल, मोट, लिंब असे सारे वर्णन केले. वडील ऐकत राहिले आणि मग आश्चर्याने म्हणाले, "मोट? अरे, तुह्या वेळंले मोट कुठी होती? माहं लगन झालं त्याच्या आधीच मोटर बसली." मी हट्टाने पुन्हा सांगितले. ते मला गोठ्यामागे घेऊन गेले. तेथे भिंतीला टेकलेला मोटेचा लोखंडी सांगाडा गंजून जाळीसारखा झाला होता, आणि त्याच्या आतून वाढलेल्या बोरीच्या झुडपाचे खोड माझ्या मनगटाएवढे जाड होते. मी त्या खोडाला हात लावून उभा राहिलो. माझ्या गुडघ्यांवर उडालेले ते तुषार आजीने रात्री अंथरुणावर सांगितलेल्या गोष्टींतून आले होते. ती स्वतः लग्न होऊन या घरी आली तेव्हाच्या मोटेचे पाणी होते ते, आणि मी ते माझे म्हणून इतकी वर्षे जपले होते.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे मोठ्या परिश्रमाने दाखवून दिले आहे की, मनुष्य आठवतो म्हणजे जुन्या पेटीतून ठेवलेली वस्तू जशीच्या तशी काढीत नाही, तर हाती लागलेल्या तुकड्यांवरून प्रत्येक वेळी ती नव्याने घडवितो, आणि घडविताना आपल्या समाजाच्या सवयीचे साहित्य नकळत तीत घालतो. वर्गात हे ऐकताना मला ते रोचक वाटले होते. बोरीच्या खोडापाशी उभे असताना ते भयंकर वाटले. कारण मोट जर माझ्या मनाने घातली असेल, तर 'माझ्या मागेही' हे दोन शब्दही त्यानेच घातले नसतील कशावरून? मावशीवरील मायेने, आजोबांच्या अभिमानाने, किंवा गेल्या काही दिवसांत ते शब्द घरात वारंवार उच्चारले गेल्याने?

आणि त्याच क्षणी एक मोह माझ्या मनात उभा राहिला, त्याची कबुली दिल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. मोटेची गोष्ट वडिलांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. उद्या साक्ष देताना मोट वगळून फक्त लिंब, आजोबा आणि ते शब्द एवढेच सांगितले, तर ती साक्ष अधिक पटण्याजोगी झाली असती. आणि वगळल्यामुळे मी एकही असत्य शब्द उच्चारला नसता. हेतूही चांगला होता. एका गरीब बाईचे पीक त्यावर अवलंबून होते.

रात्री झोप लागेना, तेव्हा आजीला घेऊन त्याच आठवड्यातील गुरुवारी कारंज्याच्या गुरुमंदिरात गेलो होतो, ते आठवत पडलो. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंजा दत्तसंप्रदायात तीर्थासारखे मानले जाते. तेथील गुरुमंदिराची स्थापना १९३४ साली ब्रह्मानंद सरस्वती ऊर्फ लीलादत्त यांनी केली. मंदिरात आजी पादुकांसमोर बसते तेव्हा तिचा विसर कोठे जातो कोणास ठाऊक. आरतीतील एक अक्षरही तिचे चुकत नाही. दत्तात्रेयाला आपल्या परंपरेने 'स्मर्तृगामी' असे विशेषण दिले आहे, म्हणजे जो स्मरण करील त्याच्याकडे येणारा. लहानपणापासून कानावर असलेल्या या शब्दाचा विचार मी कधी केला नव्हता. पाहणाऱ्याकडे येणारा असे म्हटले नाही, जाणणाऱ्याकडे येणारा असेही म्हटले नाही, स्मरणाऱ्याकडे म्हटले. ज्या तार्किकांनी स्मृतीला प्रमाणांच्या पंक्तीतून उठवले, त्यांच्याच देशात भक्तांनी देवाला स्मृतीच्या हाती देऊन टाकले, ही विसंगती मला त्या रात्री प्रथमच दिसली.

'गुरुचरित्रा'त सांगितलेली कारंज्याची कथाही मला निराळ्या प्रकाशात दिसू लागली. मुंजीनंतर घर सोडून निघालेल्या बाल नरहरीने शोकाकुल आईच्या मस्तकावर हात ठेवताच तिला पूर्वजन्माचे स्मरण झाले, आणि पुन्हा भेटीस येईन असे जे वचन त्याने तिला दिले, ते संन्यास घेऊन तीर्थाटन केल्यावर कारंज्यास परत येऊन पाळले. संन्याशाला मागचा आश्रम नसतो. त्याने स्वतःचे श्राद्धही उरकलेले असते. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर ज्याने वचन दिले तो मुलगा आता अस्तित्वातच नसतो. तरी तो आला. मला वाटते, त्या कथेतील खरा चमत्कार पूर्वजन्माच्या स्मरणात नसून या परत येण्यात आहे.

त्याच कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर परंपरांची जुनी मंदिरे आहेत, आणि तेथील भांडारांत पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखिते जतन केलेली आहेत. दहाव्या शतकातील पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' हे अपभ्रंश काव्य डॉ. हिरालाल जैन यांनी संपादून १९३३ साली कारंज्याच्याच जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केले, ही माझ्या तालुक्याची मोठी दौलत आहे असे मी समजतो. या जैनांच्या तर्कशास्त्राने मला अनपेक्षित आधार दिला. अकलंकापासून माणिक्यनंदीपर्यंतचे जैन तार्किक परोक्ष प्रमाणाचे पाच प्रकार सांगतात आणि त्यांत स्मृतीला पहिले स्थान देतात. तिच्या मागोमाग प्रत्यभिज्ञा, म्हणजे 'हा तोच' अशी ओळख. त्यांचा युक्तिवाद व्यवहारातून निघालेला आहे. धूर पाहून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकाला 'जेथे धूर तेथे अग्नी' हा नियम त्या क्षणी दिसत नसतो, आठवत असतो. मग स्मृती अप्रमाण ठरली तर त्याचे अनुमान कशावर उभे राहणार? आणि दिलेले-घेतलेले जर आठवणीवर विश्वासूनच परत केले जाते, तर स्मृतीला अप्रमाण म्हणणाऱ्याने जगातील देवघेवीचे काय करावे? व्यापारउदीम करणाऱ्या समाजाच्या तत्त्वज्ञांना ही गोष्ट सुचावी, यात मला काही कमीपणा वाटत नाही. उलट देण्याघेण्यातील इमान हाच ज्ञानाच्या विचाराचा पाया करण्याची त्यांची दृष्टी मला फार उदात्त वाटते. मात्र तेही प्रत्येक आठवणीला सनद देत नाहीत. न अनुभवलेल्याचे स्मरण ते स्मरणाभास मानतात. माझी मोट हा शुद्ध स्मरणाभास होता.

येथे वाशीमचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या गावात मी चार-पाच वर्षे राहतो आहे ते एके काळी वत्सगुल्म नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. याच शाखेतील हरिषेणाच्या काळात त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. परंतु ही शाखा स्वतंत्र होती, ही गोष्ट विद्वानांना स्पष्ट झाली ती १९३९ साली वाशीम येथे उजेडात आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटावरून. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात असलेल्या या पटात, राजाने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. मागून येणारे विसरतील या भयानेच राजाने आपला शब्द तांब्यावर कोरवून ठेवला असला पाहिजे. आणि गंमत नव्हे तर दुःखाची गोष्ट ही की, शेवटी तो तांब्याचा पत्राच विसरला गेला. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याचे 'हरिविजय' हे प्राकृत काव्यही नाहीसे झाले आहे; आनंदवर्धनासारख्यांनी त्याचे स्मरण ठेवले म्हणून त्याचे नाव तरी उरले. उलट ज्यांना ना राजा ठाऊक, ना राजवंश, अशा शेतकऱ्या-बलुतेदारांच्या जिभेने वत्सगुल्माचे वच्छोम आणि वच्छोमाचे वाशीम करीत ते नाव पंधराशे वर्षे चालवीत आणले. नावाचे रूप इतके बदलले की राजाला स्वतःला ते ओळखू आले नसते, आणि तरी ते तेच नाव आहे. आठवणीचे चित्र बदलते, हे सिद्ध केल्याने आठवण तुटली असे सिद्ध होत नाही, हे मला वाशीमच्या नावाने शिकवले.

मानोरा तालुक्यातील एका तांड्यावरचा माझा मित्र आहे; पोहरादेवीच्या यात्रेला मी त्याच्याबरोबर गेलो आहे. त्यांच्या गोरमाटी बोलीला स्वतःची लिपी नाही. सेवालाल महाराजांच्या गोष्टी आणि कुळांच्या वंशावळी गाणाऱ्यांच्या मुखातून चालत आल्या. तो म्हणतो, चूक झाली तर ऐकणारे लगेच टोकतात. आमच्या घरात टोकणारे उरले नव्हते, ही माझी खरी अडचण होती. आणि मी जर मोट लपवली असती, तर वडिलांनी टोकलेले तेवढेही मी पुसून टाकले असते.

पहाटेच्या सुमारास एक विचार माझ्या मनात स्थिर झाला, आणि तो मला अजूनही बरोबर वाटतो. मी स्मृतीला केवळ घडलेल्याचे चित्र समजत होतो, म्हणून चित्रातील एक रेघ खोटी निघताच सारा पट फाडावा की रेघ लपवावी, एवढेच दोन मार्ग मला दिसत होते. परंतु माझ्या त्या आठवणीत चित्राखेरीज आणखी काही होते : आमच्या घराने काही देणे मान्य केले आहे, अशी जाणीव. मोटेचे चित्र मला सुख देई, म्हणून मी ते आजीच्या गोष्टींतून उचलून आपलेसे केले. वचनाचे मात्र मला सुख नव्हते. ते आठवल्याने आमच्याच हरभऱ्याचे पाणी कमी होणार होते. मन आपल्या फायद्याची भर घालते, हे खरे. परंतु स्वतःवर कर्ज लिहून ठेवण्याची हौस त्याला सहसा नसते, आणि न्यायालयेही मनुष्याने स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेल्या कबुलीला अधिक वजन देतात ते याच कारणाने. गीतेच्या शेवटी अर्जुन आपला मोह गेला असे सांगतो तेव्हा, ज्ञान मिळाले असे न म्हणता स्मृती मिळाली असे म्हणतो. मला पूर्वी वाटे की, येथे स्मृती म्हणजे आत्मस्वरूपाचे स्मरण, आणि टीकाकार तसेच सांगतात. परंतु अर्जुन त्यानंतर लगेच जे म्हणतो ते, तुझे सांगणे मी करीन, हे आहे. त्याला जे आठवले त्याने त्याला कामाला लावले. माझ्या स्मृतीत असे कामाला लावणारे काही आहे, याची खात्री मला त्या पहाटे झाली. ती चित्राच्या खरेपणाची खात्री नव्हती, आणि तिला तसे भासविण्याचा अधिकार मला नव्हता.

रविवारी ओसरीवर सर्वजण बसले. मी मोटेसकट सारे सांगितले. मला असे आठवते. त्यातील मोट खोटी आहे, ती मी आजीच्या गोष्टींतून घेतली. शब्द मला आबांच्या आवाजात आठवतात. ते मी शपथेवर सिद्ध करू शकत नाही. काकांनी विचारले तो प्रश्न मी स्वतःला रात्रभर विचारला होता : "मग बाकीचं तरी खरं कशावरून?" मी म्हणालो, "कशावरूनही नाही, काका. पण मला ते विसरता येत नाही, आणि विसरलो असतो तर आपल्या सोयीचंच झालं असतं." बराच वेळ कोणी बोलले नाही. मावशी खाली मान घालून फरशीवरची धूळ बोटाने सारखी करीत होती. काका त्या काळात नोकरीनिमित्त दूर होते. ते काही विसरले नव्हते, त्यांनी ते ऐकलेच नव्हते, आणि न ऐकलेल्या शब्दाने बांधले जाणे हे ऐकलेल्याने बांधले जाण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. ते उठले, उताऱ्याची घडी करून खिशात ठेवली, आणि वडिलांना म्हणाले, "सोड पाणी. मी ऐकलं नाही. पण मी तिथं नव्हतो, हेही खरंच आहे."

त्या आठवड्यात आमच्या भागात पंपाला वीज रात्रीची होती. बुधवारी अकराच्या सुमारास मी बॅटरी आणि फावडे घेऊन वावरात गेलो. धुऱ्याखालून पलीकडे जाणारा पाट हराळीने बुजला होता. तो मोकळा करावयास मला तासभर लागला. मातीखाली, धुरा ओलांडण्याच्या जागी, दोन चपटे दगड समोरासमोर बसवलेले होते आणि त्यांवर तिसरा आडवा होता. आजोबांनी ते पाण्याच्या पाळीसाठी बसवले, की पावसाळ्याचे पाणी निघून जावे म्हणून कोणी त्याआधीच बसवले, हे त्या दगडांवरून सांगता येण्यासारखे नव्हते, आणि मी तसे सांगितलेही नाही. मोटार सुरू झाली. पाणी पाटातून आले, दगडांपाशी क्षणभर तुंबले, आणि मग भेगाळलेल्या जमिनीत आवाज करीत शिरू लागले. पलीकडे मावशी कंदील खाली ठेवून उकिडवी बसली होती. पाणी एका सरीच्या टोकाला पोहोचले की हाताने माती सारून ती ते दुसरीत वळवी. पहाटे चारला वीज गेली तेव्हा शेवटच्या सहा सऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. "राहू दे, चौथ्या दिवशी होईन," ती म्हणाली.

मी घरी आलो तेव्हा आजी जागी होती. चिखलाने भरलेले माझे पाय पाहून तिने मला आपल्या भावाच्या नावाने हाक मारली आणि विचारले, "पानी पोचलं का रे तिच्या वावरात?" मी पोहोचले म्हणून सांगितले. ती समाधानाने कुशीवर वळली. सकाळी चहाच्या वेळी तिने पुन्हा तेच विचारले, दुपारी पुन्हा, आणि संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा. मी दिलेले उत्तर दर वेळी तिच्या मनातून निघून जात होते आणि प्रश्न तेवढा राहत होता. चौथ्या दिवशी, कोणी वार सांगितलेला नसताना, दिवस मावळल्यावर ती दारापर्यंत आली, चौकटीला हात टेकून उभी राहिली, आणि म्हणाली, "फावडं घेतलं का?"